तशी मी बरी आहे

माझ्या भावजयीला खोटं बोलता येत नाही, असा आमच्या घरात सगळ्यांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. तहमीने सकाळी उठल्यापासून खोटं बोलते, फक्त विषय एकच असतो. 'कशी आहेस?' असं कुणी विचारलं की ती म्हणते, "बरी आहे, देवाची कृपा. तुम्ही कशा आहात? घरचे सगळे बरे?" हात मोडला होता तेव्हा तिने प्लास्टर घालणाऱ्याला हेच सांगितलं. लेकीच्या, रोझानच्या वेळी कळा सुरू असताना सुईणीला हेच सांगितलं, आणि वर सुईणीच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी केली.

मनात काहीही चाललेलं असो, तोंडातून आदबच बाहेर पडली पाहिजे, याला आमच्याकडे तआरोफ म्हणतात. सगळेच करतात. पण बाकीच्यांचा तआरोफ पाहुणे गेले की दाराशी उतरतो, तहमीनेचा हाडात मुरलेला आहे. मी तिची नणंद, फर्खोंदे. कॉलेजात भूगोल शिकवते, लग्न केलेलं नाही आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. त्यामुळे घरात मी उर्मट ठरले आहे. त्याबद्दल तक्रार नाही, कारण उर्मट माणसाला कुणी बारशाचा स्वयंपाक करायला बोलावत नाही.

तहमीनेच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने अरुंद झालेली आहे. रोझान झाली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पुन्हा नाही. तिने मान डोलावली, डॉक्टरांच्या मुलांची चौकशी केली आणि गल्लीतल्या आरोग्य केंद्रातून महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणायला सुरुवात केली. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. मग वर तेहरानात कुणाच्या तरी लक्षात आलं की देशात मुलं कमी होत आहेत, आणि कायदा झाला. पुढच्या महिन्यात तहमीने केंद्रात गेली तर गोळ्यांच्या कपाटावर पोस्टर लावलेलं. बागेत पळणारी चार मुलं, आणि मागे एक आई, जिला अजिबात धाप लागलेली नाही.

"गोळ्या?" तहमीनेने विचारलं.

"गोळ्या आता येत नाहीत," खिडकीतली बाई म्हणाली. "पोस्टर येतात."

औषधांच्या दुकानात मिळाल्या असत्या. कधी असायच्या, कधी नसायच्या, आणि दुकानात इतर पुरुष गिऱ्हाईकं असली की तहमीने डोकेदुखीची गोळी घेऊन परत यायची. मी हे नंतर ऐकलं. ऐकून काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिवस गेल्याची बातमी माझ्या भावाला, सियामकला, सरकारने दिली. तहमीने रक्ताच्या तपासणीचा निकाल पर्समध्ये ठेवून घरी येत होती. तिला तो आधी एकटीने नीट पचवायचा होता. पण प्रयोगशाळेतून अशी बातमी थेट वर कळवली जाते, आणि तिथून केंद्राकडे येते. केंद्रात नंबर सियामकचा होता. तो पाइपांच्या कारखान्यात मशीनपाशी उभा असताना फोन आला.

"अभिनंदन," एक गोड आवाज म्हणाला. "आपल्याकडे बाळ येणार आहे. आई कशी आहे?"

"बरी आहे," सियामक म्हणाला. म्हणजे रोग घरातल्या सगळ्यांनाच आहे.

त्याला आनंद झाला हे कबूल करायला हवं. दुसरं मूल झालं की नवी मोटार मिळायच्या सरकारी रांगेत आईचा नंबर पुढे लागतो, हे त्याने वर्तमानपत्रात वाचलं होतं. संध्याकाळी तो अननसाचा केक घेऊन घरी आला, आणि जिने चढून आलेली तहमीने दारातच पायरीवर बसलेली त्याला दिसली. ती हसत म्हणाली, "काही नाही, चप्पल काढत होते." चप्पल हातात होती, त्यामुळे त्याने विश्वास ठेवला.

हृदयाच्या डॉक्टर अर्दलानबाई सनंदजच्या. त्यांना आदब ठाऊक आहे पण वेळ नाही. पडद्यावर झडप बघता बघता त्या गप्प झाल्या. मी तहमीनेबरोबर होते.

"रोझानच्या वेळी जेवढी जागा होती तिच्या निम्मी उरली आहे," त्या म्हणाल्या. "पोट वाढेल तसं अंगातलं रक्त वाढेल. ते या दारातून जाणार नाही. मग ते मागे फुप्फुसात तुंबेल. तहमीने खानूम, मी गोड करून सांगू का, की समजलं?"

"समजलं, खानूम डॉक्टर. तुमचे हात दुखले असतील."

"माझे हात ठीक आहेत. हे मूल पोटात वाढलं तर तुम्ही राहणार नाही, आणि तुम्ही नाही तर तेही नाही. लवकर गर्भपात करून मोकळं व्हायला हवं. आत्ता ते छोटं काम आहे. सकाळी याल, संध्याकाळी घरी. पुढे गेलं की मोठं होत जातं."

"मग सकाळी येतो," मी म्हणाले.

अर्दलानबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी परीक्षेत 'पृथ्वी चपटी आहे' असं लिहिणाऱ्या पोराकडे पाहते. "माझ्या म्हणण्यावर होत नाही. समिती आहे. तिथे एक न्यायाधीश, दोन डॉक्टर. ते हो म्हणाले तर. आणि चार महिन्यांच्या आत हो म्हणाले तर. चार महिन्यांनी गर्भात प्राण येतो असं धरतात. त्यानंतर मी डोक्यावर उभी राहिले तरी कुणी ऐकणार नाही."

"आणि तोवर हिची काळजी कोण घेणार? बाळंतपणाची डॉक्टर?"

"विचारून बघा," अर्दलानबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

विचारून बघितलं. पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी परवानगी आणा, मग बोलू. परवानगीशिवाय साधी सोनोग्राफी केली आणि उद्या काही बिनसलं, तर मीच काहीतरी केलं असं माझ्यावर येतं. दुसऱ्या म्हणाल्या, मी हृदयाच्या बायका घेत नाही. जणू हृदय नसलेल्या बायका रांग लावून उभ्या होत्या. तिसऱ्या बाईंनी रोझानचं बाळंतपण केलं होतं. शहरात त्यांच्याइतका हलका हात कुणाचा नाही. त्यांनी आम्हाला चहा दिला, खडीसाखर दिली, तहमीनेचा हात हातात घेतला.

"अझीझम, लाडके, मी बाळंतपणं सोडली," त्या म्हणाल्या. "आता सुरकुत्यांची इंजेक्शनं देते. ओठ भरते. त्यात न्यायाधीश लागत नाही."

निघताना त्यांनी माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्हाला दोन सुयांत फरक पडेल. त्या दिवशीचा माझ्या तब्येतीबद्दलचा हा एकमेव ठाम वैद्यकीय सल्ला.

समितीपुढे पहिल्यांदा सियामक आणि तहमीने दोघंच गेले. मला कॉलेजात परीक्षेचं काम होतं. हे मी स्वतःला अजून सांगत असते. आदल्या दिवशी आमची खाले एशरत, म्हणजे मावशी, मुद्दाम आली. खालेला हृदयातलं काही कळत नाही, पण कुठे काय घालून जावं हे सगळं कळतं. तिने तहमीनेची बाहेर जाताना डोक्यावरून घ्यायची काळी चादर इस्त्री केली आणि बजावलं, "न्यायाधीशासमोर जायचंय. रडकं तोंड करून जाऊ नकोस. आपण चांगल्या घरचे आहोत."

परत आल्यावर सियामकने सोफ्यावर अंग टाकलं. तहमीने आत जाऊन लगेच आडवी झाली. मी त्याची उलटतपासणी घेतली.

"काय झालं?"

"चांगली होती माणसं. न्यायाधीश हाज-आगा तर फारच सज्जन. अगदी आजोबांसारखे."

"हो म्हणाले?"

"चहा दिला."

"सियामक."

"त्यांनी विचारलं, कशी आहेस मुली. ती म्हणाली..." तो थांबला.

"बोल."

"म्हणाली, बरी आहे, हाज-आगा, देवाची कृपा. तुमची तब्येत कशी आहे?"

मी खुर्चीत बसले. उभी होते हेच लक्षात नव्हतं.

"मग हाज-आगांनी सांगितलं की त्यांचा गुडघा धरतो," सियामक पुढे म्हणाला. "तहमीनेने त्यांना शहामृगाच्या तेलाबद्दल सांगितलं. बराच वेळ त्यावर बोलणं झालं. मग एक डॉक्टर म्हणाले की लिफ्ट बंद आहे, वर कशा आलात? ती म्हणाली, चालत, काही त्रास नाही झाला, आणि तुमच्या जिन्यात वारा छान येतो."

"तीन मजले?"

"मधे थांबत थांबत. पण थांबली ते त्यांनी थोडंच पाहिलं. शिवाय दर वेळी कुणी आत आलं की ती उठून उभी राहायची. शिपाई चहा घेऊन आला तेव्हासुद्धा."

"आणि तू काय करत होतास?"

"मी पण उभा राहायचो."

निकाल चार ओळींचा होता. रुग्ण स्वतःची प्रकृती चांगली असल्याचे सांगते. तिसऱ्या मजल्यावर विनासाहाय्य आली. वारंवार उठबस करू शकते. चेहऱ्यावर तेज आहे. सबब परवानगी नाही, प्रकृती बिघडल्यास पुन्हा यावे.

अर्दलानबाईंना मी हे फोनवर वाचून दाखवलं.

"तेज," त्या म्हणाल्या. "फर्खोंदे खानूम, झडप आवळली की गाल लाल होतात. ते तेज नाही, तो आजार आहे. पुस्तकात पहिल्या पानावर आहे. त्या समितीत दोन डॉक्टर बसतात."

"त्यांना तुमचा रिपोर्ट दिसला नाही का?"

"दिसला असेल. पण रिपोर्ट म्हणतो मरेल आणि बाई म्हणते बरी आहे. परवानगी दिली आणि उद्या कुणी विचारलं, तर तो डॉक्टर काय दाखवणार? नाही दिली तर त्याला कुणी काही विचारत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. म्हणून पुढच्या वेळी मी जायचं ठरलं. घरातल्या सगळ्यांनी एकमताने कबूल केलं की या कामाला घरातलं सगळ्यांत उर्मट माणूस हवं, आणि ते सगळे एकाच वेळी माझ्याकडे वळले.

पण 'पुढची वेळ' लगेच येईना. समिती आठवड्यातून एकदा बसते. एका आठवड्यात सुट्टी आली. त्यानंतर हाज-आगा करबलेच्या यात्रेला पायी गेले, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऐकलेल्या माणसाला त्यांची काळजीच वाटली असती. तहमीनेला तर वाटलीच. "बिचारे," ती म्हणाली, "तेल नेलं असेल ना." तेव्हा ती उशांना टेकून बसून झोपायला लागली होती. आडवी झाली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. तिने हे आम्हाला सांगितलं नाही, रोझानने सांगितलं. 'आई रात्रभर टीव्ही बघितल्यासारखी बसते,' ती म्हणाली, 'पण टीव्ही बंद असतो.'

मी तालीम घ्यायला सुरुवात केली. दिवाणखान्यात मी न्यायाधीश व्हायचे. गळ्यात सियामकचा मफलर.

"कशी आहेस, मुली?"

"वाईट..." तहमीने म्हणायची, आणि तिचा चेहरा असा व्हायचा जणू तिने मला शिवी दिली. "म्हणजे तशी बरी आहे, पण तुमच्या कृपेने जरा..."

"माझ्या कृपेने काय? माझ्या कृपेने फुप्फुसात पाणी झालंय?"

"असं कसं म्हणू त्यांना?"

"मला श्वास घेता येत नाही. एवढंच. म्हण."

"मला श्वास घेता येत नाही," ती म्हणाली आणि लगेच जोडलं, "माफ करा."

कोपऱ्यात पिस्ते सोलत बसलेल्या खाले एशरतला हे बघवेना. "पोरीला काय शिकवतेस तू, फर्खोंदे? मोठ्या माणसाने तब्येत विचारली की तोंडावर वाईट म्हणायचं? समोरच्याने मग काय करायचं? त्याला काही बोलायला जागा राहते का?"

"जागा राहू नये म्हणूनच."

"म्हणून तुझं लग्न झालं नाही," खाले म्हणाली आणि एक पिस्ता तोंडात टाकला.

नंतर मी तहमीनेला स्वयंपाकघरात गाठलं. ती ओट्याला दोन्ही हात टेकवून उभी होती. सूपमध्ये पुदिना परतून घालायचा होता, तो करपला होता.

"सोपे शब्द आहेत," मी म्हणाले. "तुला म्हणायचेच नाहीत का?"

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "मी वाईट आहे म्हटलं की ते मला पुढचं विचारणार," ती म्हणाली. "तुला हे नको आहे का, असं. आणि मला हवंय, फर्खोंदे जान. सियामकने कपाटातला एक कप्पा रिकामा केलाय, बघितलास? मला ते पण हवंय आणि रोझानच्या लग्नात नाचायचं पण आहे. दोन्ही कुणाला सांगणार? त्यापेक्षा बरी आहे म्हणते. तेवढा वेळ निदान बरी असते."

मी करपलेला पुदिना टाकून दिला आणि दुसरा चिरायला घेतला.

हाज-आगा करबलेहून आले तेव्हा चार महिने भरत आले होते. पुढची बैठक म्हणजे शेवटची बैठक, त्यानंतर प्राणाचा प्रश्न येत होता. निदान पोटातल्या त्या एकाच्या. तहमीनेचा प्राण कुठल्या नियमात बसतो हे मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणाला माहीत नव्हतं.

लिफ्ट अजून बंद होती. आम्ही चाकाची खुर्ची आणली होती. सियामकने आणि दरवाजावरच्या शिपायाने ती तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलून नेली. तहमीने प्रत्येक वळणावर दोघांची माफी मागत होती, एकेक शब्द तोडून, कारण पूर्ण वाक्याला हवा पुरत नव्हती. मी तिला शेवटचं बजावलं: काहीही झालं तरी उठायचं नाही. शिपाई येवो, न्यायाधीश येवो, बारावे इमाम प्रकट होवोत, उठायचं नाही.

सियामकला आम्ही बाहेर ठेवलं. त्याला उभं राहायची सवय होती.

आतलं दार उघडलं आणि हाज-आगा आले. गोरे, म्हातारे, प्रसन्न. करबलेच्या उन्हाने नाक सोललेलं. त्यांच्यामागे समितीचे एकच डॉक्टर, दुसरे रजेवर होते. तहमीनेचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले, आणि मला कळलं की ही उठणार. मी मागून तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला खाली दाबलं.

हाज-आगा थबकले. "खानूम, तिला उठू द्या."

"तिने उठायचं नाही."

"आपण कोण?"

"नणंद."

इतकी वर्षं नणंद असून त्या शब्दाचा एवढा परिणाम मी पहिल्यांदाच पाहिला. हाज-आगांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी माझ्या हातांकडे, आणि दोघांनाही सगळं समजलं. भावजय मूल मागते आहे आणि नणंद तिला खुर्चीत दाबून ठेवते आहे. आमच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी हेच दाखवतात.

"मुली," हाज-आगा मृदू आवाजात म्हणाले, "तुझ्यावर घरातून कुणी जबरदस्ती करतंय का?"

तहमीनेने मान हलवली. हो की नाही ते कळण्याइतपत जोर त्यात नव्हता.

"हाज-आगा, हिला श्वास घेता येत नाही," मी म्हणाले. "तेवढंच सांगायला आलोय. डॉक्टर अर्दलान लिहून देऊन थकल्या. हे गालाचं तेज नाही..."

"आपण बाहेर बसा, खानूम."

"मी बाहेर बसले तर ती बरी आहे म्हणेल."

"म्हणजे ती बरी आहे, आणि आपण तिला म्हणू देत नाही," डॉक्टर म्हणाले. तर्काच्या बाजूने त्यात काही चूक काढता येत नव्हती. उर्मटपणाचा एक तोटा असतो. ज्या दिवशी तो खरंच कामाला हवा असतो, त्या दिवशी तो फक्त उर्मटपणा दिसतो.

शिपायाने मला आदबीने कोपर धरून बाहेर नेलं आणि दार लावलं. बाकावर सियामक होता. "काय झालं?" त्याने विचारलं. मी त्याला हाताने गप्प केलं. दार पातळ होतं.

"आता मोकळेपणाने सांग, मुली," हाज-आगांचा आवाज आला. "इथे तुला कुणाची भीती नाही. कशी आहेस?"

काही ऐकू आलं नाही.

"घाबरू नकोस. सावकाश सांग. तब्येत कशी आहे?"

पुन्हा काही नाही. मी दाराला कान लावून उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की तिने निदान नेहमीचं तरी म्हणावं. बरी आहे, देवाची कृपा, तुमचा गुडघा कसा आहे. आवाज तरी येऊ दे.

मग हाज-आगांची खुर्ची सरकली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तिला पाणी द्यावं म्हणून ते उठले. वयाने वडील, गुडघा दुखणारा माणूस तिच्यासाठी उभा राहिला होता. आणि तहमीनेला जे आयुष्यभर करता आलं तेच तिने केलं. ती पण उठली.

धप्प आवाज आला. मी दार ढकललं. ती टेबलाला अडकून एका कुशीवर पडली होती आणि खोकत होती, आणि तोंडावर धरलेल्या चादरीच्या टोकावर गुलाबी फेस येत होता. हाज-आगा पाण्याचा ग्लास हातात घेऊन तसेच उभे होते. डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते, रंग उडालेला, आणि "ऑक्सिजन, ऑक्सिजन आणा" म्हणत होते. त्या इमारतीत चार मजले भरून फायली होत्या. ऑक्सिजन नव्हता.

तहमीनेने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या हाताने तिने जमिनीवरच्या डागाकडे बोट केलं, आणि तो पुसून टाका, अशी खूण केली.

परवानगी लगेच मिळाली. हाज-आगांनी स्वतः सही केली. आम्ही खुर्ची उचलून खाली जात असताना ते जिन्याच्या कठड्यापाशी येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "खानूम, तिने आधी सांगायला हवं होतं." ते मनापासून बोलत होते. मला त्यांचा रागही नीट धरता आला नाही, याचाच मला अजून राग येतो.

सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाण्याचं जे काम होतं, त्यासाठी अतिदक्षता विभाग लागला, श्वासाची नळी लागली, रक्त लागलं. त्याच डॉक्टरीणबाई आल्या, ज्या परवानगी आणा म्हणाल्या होत्या. आता परवानगी होती, त्यामुळे त्यांनी काम उत्तम केलं. अर्दलानबाई तिच्या उशाशी बसून होत्या. एकदा बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून म्हणाल्या, "जगेल. पण जी बाई माझ्याकडे पहिल्यांदा आली होती ती परत मिळणार नाही. तेव्हा ती जिना चढत होती, थांबत थांबत का होईना. तेवढं हृदय आपण समितीत बसून खर्च केलं."

तहमीने नगरपालिकेच्या वाचनालयात काम करायची. पुस्तकं उचलणं आता जमत नाही, म्हणून ते सुटलं. जिने जमत नाहीत म्हणून ते तिघं माझ्या तळमजल्यावर आले, आणि मी त्यांच्या वरच्या घरात राहते. त्या घरातल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा आहे. माझ्याकडे सामान भरपूर आहे, पण मी तिथे काही ठेवलेलं नाही.

ती घरी आल्यावर खाले एशरत निशिगंधाची फुलं घेऊन भेटायला आली. सगळे बसले, चहा आला. खालेने गालाला गाल लावले आणि विचारलं, "कशी आहेस, अझीझम?"

तहमीनेने बशी खाली ठेवली. "वाईट आहे, खाले जान," ती म्हणाली. "चार पावलं चालले की थांबावं लागतं. आणि आतून रिकामं वाटतं."

खालेच्या हातातला पेला बशीच्या वर अधांतरी राहिला. या वाक्यापुढे काय म्हणायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हे मीच केलं. फुलं ठेवून ती गेली ती अजून आलेली नाही. लोकांना सांगते, आजारपणाने पोरीचा स्वभाव बिघडला, शिवाय नणंदेची संगत.

पण ज्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं ते वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात आम्ही जेवत होतो. सियामकचा फोन वाजला. त्याने उचलला आणि त्याचा चेहरा पडला. तोच गोड आवाज होता, केंद्रातला. परवानगी देणाऱ्यांनी केंद्राला काही कळवलं नव्हतं, त्यामुळे केंद्राच्या हिशेबात बाळ अजून वाढत होतं आणि आता यायला टेकलं होतं.

"आई कशी आहे?" आवाज विचारत होता. फोन स्पीकरवर होता, कारण सियामक भात वाढत होता.

त्याने तोंड उघडलं. त्याच्या ओठांवर आलेलं उत्तर मला दिसलं. तहमीनेने हात पुढे करून फोन स्वतःकडे ओढला.

तिने सगळं सांगितलं. मधे मधे थांबून, श्वास घेऊन. गोळ्या, पोस्टर, तीन डॉक्टरीणबाई, समिती, गुलाबी फेस, नळी. बाळ नाही हेही सांगितलं, आणि ते मुलगा होतं हेही. रोझान चमचा खाली ठेवून ऐकत होती. मी जी वाक्यं तिला मफलर घालून शिकवली होती त्यातलं एकही तिने वापरलं नाही. तिची तिची होती.

पलीकडच्या मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "खानूम, देव तुम्हाला धीर देवो. माझी बहीणही..." तिने ते वाक्य सोडून दिलं. "पण मला इथे काहीतरी भरावं लागतं. इथे दोनच उत्तरं येतात. एक, आई आणि बाळ बरे आहेत. दुसरं, संपर्क झाला नाही. मी काय करू?"

"मग संपर्क झाला नाही असं लिहा," तहमीने म्हणाली.

आमच्याकडे फोन ठेवायला मूळ बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घरच्यांना सलाम सांगा, तुमची सावली आमच्यावर राहो, कधीतरी या, तुम्हीच या. ती मुलगी सवयीने सुरू झालीच होती. तहमीनेने बोटाने लाल बटण दाबलं, फोन सियामकच्या ताटाशेजारी ठेवला आणि रोझानला म्हणाली, "दही दे इकडे."